आकाशातील भोवरे

भोवऱ्याचा खेळ तुमच्यापैकी बहुतेकांनी खेळला असेल. जाळी नीट गुंडाळून, मनगटाला हिसका देऊन भोवरा जमिनीवर सोडला, की तो आपल्या अणकुचीदार आरेवर ताठ उभा राहतो. हाच भोवरा न फिरवता आरेवर उभा करण्याचा कितीही यत्न केला, तरी तो क्षणभरही उभा राहात नाही. म्हणजे त्याला उभे ठेवणारे सामर्थ्य त्याच्या लाकडात नाही, आरेतही नाही. ते त्याच्या फिरण्यात आहे. आणखी एक गोष्ट तुम्ही पाहिली असेल. फिरत्या भोवऱ्याला बोटाने हळूच टोचले, तर तो ढकललेल्या बाजूला सरळ पडत नाही. तो मान वाकडी करतो आणि आपले डोके गोलाकार डोलवू लागतो.

भोवऱ्याच्या या दोन सवयी आहेत. फिरत असताना तो आपली दिशा सोडीत नाही, ही पहिली. आणि त्याला धक्का दिला, तर तो सरळ उत्तर न देता आडवे उत्तर देतो, ही दुसरी. पृथ्वीपासून शेकडो, कधी हजारो किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या कृत्रिम उपग्रहांना मनुष्याने वळण लावले, ते या दोन सवयींच्याच आधाराने. ते कसे, हे आपण पाहू.

उपग्रहाला वळण लावण्याची गरज तरी काय, असे कोणी विचारील. नावेला सुकाणू लागते आणि ते पाण्याला रेटून नाव वळवते. पक्षी शेपटीने वारा कापून वळतो. अवकाशात पाणी नाही आणि वारा जवळजवळ नाहीच. तेथे टेकायला, धरायला किंवा रेटायला काहीही नाही. अग्निबाणापासून सुटताना उपग्रहाला थोडासा जरी तिरका धक्का बसला, तरी तो कोलांट्या खाऊ लागतो. आणि त्या कोलांट्या थांबविण्यास तेथे कोणी नसते. अशा उपग्रहावरील कॅमेरा कितीही चांगला असला, तरी तो कधी पृथ्वीकडे, कधी सूर्याकडे, तर कधी रिकाम्या अंधाराकडे पाहील. त्याची संदेश पाठविणारी यंत्रे भलत्याच दिशेला बोलत राहतील. यंत्र शाबूत, पण तोंड भलतीकडे, अशी त्याची अवस्था होईल.

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने सोडलेल्या पहिल्या उपग्रहाला, स्पुटनिकला, ही अडचण आली नाही. तो ५८ सेंटिमीटर व्यासाचा एक गोळा होता. त्याचे वजन सुमारे ८४ किलोग्रॅम होते. आपला बिनतारी ध्वनी चोहोंकडे पसरविणे, एवढेच त्याचे काम होते. तो कसाही वळला तरी चालत असे. पण ज्या उपग्रहाला काही पाहावयाचे आहे, त्याला आपण कोठे पाहात आहोत, हे ठाऊक असलेच पाहिजे.

यावरचा सोपा उपाय म्हणजे उपग्रहाचाच भोवरा करणे. निसर्गाने हा उपाय फार पूर्वी योजलेला आहे. आपली पृथ्वी हाच एक प्रचंड भोवरा आहे. ती सूर्याभोवती वर्षभर प्रवास करते. पण उन्हाळा असो वा हिवाळा, तिच्या अक्षाचे उत्तरेकडील टोक ध्रुवताऱ्याच्याच रोखाने असते. शतकानुशतके खलाशी त्या ताऱ्यावर विसंबून समुद्र ओलांडीत आले, ते पृथ्वी फिरते आहे म्हणूनच. त्याचप्रमाणे उपग्रहाला सोडतानाच त्याच्या अक्षाभोवती गरगर फिरविले, तर बारीकसारीक धक्क्यांनी तो कोलांट्या खात नाही. त्याचा अक्ष ताऱ्यांमधील एकाच दिशेला रोखलेला राहतो.

तेव्हा प्रश्न सुटला, असे वाटेल. परंतु पहिल्याच परीक्षेत शास्त्रज्ञांना एक अनपेक्षित धडा मिळाला.

३१ जानेवारी १९५८ रोजी अमेरिकेने आपला पहिला उपग्रह एक्स्प्लोरर-१ आकाशात पाठविला. तो सुमारे दोन मीटर लांब आणि अवघा पंधरा-सोळा सेंटिमीटर जाड होता. एखाद्या लांब पेन्सिलीसारखा त्याचा आकार होता. आपण दोन तळहातांमध्ये पेन्सिल घोळवितो, तसा तो आपल्या लांबीभोवती मिनिटाला सुमारे ७५० फेऱ्या घेत निघाला होता. त्याच्या कमरेला चार लवचीक तारा होत्या. त्या संदेश पाठविण्यासाठी बसविलेल्या होत्या. पण काही तासांच्या आतच त्याच्याकडून येणारे संदेश कधी जोरात, तर कधी क्षीण येऊ लागले. ही पेन्सिल लांबीभोवती फिरण्याचे सोडून, आडवी होऊन, काठी गरगर फिरवावी तशी टोकावर टोक फिरू लागली होती. बाहेरून तिला कोणी हात लावलेला नव्हता. मग असे का व्हावे?

हे समजण्यासाठी फुगडी आठवा. दोघी मुली हात ताणून दूर राहिल्या, म्हणजे फुगडी संथ फिरते. त्या एकमेकींच्या जवळ आल्या, की तीच फुगडी वेगाने फिरू लागते. पण जवळ येण्यासाठी दोघींना हातांनी जोर लावावा लागतो. फिरण्याचा साठा दोन्ही वेळी तेवढाच असतो. शास्त्रज्ञ त्याला कोनीय संवेग म्हणतात. परंतु आखडून वेगाने फिरण्यास अधिक ऊर्जा लागते आणि पसरून सावकाश फिरण्यास कमी ऊर्जा पुरते.

एक्स्प्लोररचे नेमके हेच झाले. पेन्सिलीसारखे लांबीभोवती फिरणे म्हणजे आखडलेली फुगडी आणि आडवे होऊन फिरणे म्हणजे पसरलेली फुगडी. फिरताना त्याच्या लवचीक तारा किंचित हेलकावत, वाकत होत्या. वारंवार वाकविलेली तार गरम होते, हे तुम्ही करून पाहू शकता. अशा रीतीने त्याची ऊर्जा उष्णतेच्या रूपाने थोडी थोडी खर्च होत गेली. फिरण्याचा साठा मात्र, बाहेरून कोणी स्पर्श केल्यावाचून, कमी होऊ शकत नव्हता. तेव्हा तोच साठा कमीत कमी ऊर्जेत सांभाळता येईल, अशा स्थितीत उपग्रह जाऊन पोहोचला. ती स्थिती म्हणजे आडवे फिरणे.

सुदैवाने एक्स्प्लोररवरील यंत्रे कशीही फिरली तरी काम करू शकत होती. पृथ्वीभोवतालच्या तीव्र प्रारणांच्या पट्ट्यांचा शोध त्यांच्याच मोजमापांनी लागला. पण त्यावर कॅमेरा असता, तर सगळा खटाटोप वाया गेला असता. यातून शास्त्रज्ञांनी एक नियम पक्का केला : नुसत्या फिरण्याने स्थिर राहावयाचे असेल, तर उपग्रह पेन्सिलीसारखा सडपातळ नसावा, तो चाकासारखा, रुंद आणि बैठा असावा. असा उपग्रह सुरुवातीपासूनच पसरलेल्या फुगडीच्या स्थितीत फिरतो. तेथून घसरून जाण्यासाठी आणखी खालची पायरीच उरत नाही.

१ एप्रिल १९६० रोजी अमेरिकेने सोडलेला टायरॉस-१ हा उपग्रह या धड्याप्रमाणे घडविलेला होता. त्याचा आकार एखाद्या मोठ्या, बैठ्या डब्यासारखा होता. व्यास एक मीटरहून थोडा अधिक आणि उंची त्याच्या निम्म्याच्या आसपास होती. पृथ्वीवरील ढगांची छायाचित्रे घेणे, हे त्याचे काम होते. अग्निबाणापासून सुटताना तो मिनिटाला शंभराहून अधिक फेऱ्या घेत होता. इतक्या वेगाने फिरणाऱ्या कॅमेऱ्याला स्पष्ट चित्र कसे टिपता येणार? म्हणून येथेही फुगडीचीच युक्ती केली. डब्याच्या घेराभोवती दोन तारा गुंडाळल्या होत्या आणि त्यांच्या टोकांना वजने बांधली होती. योग्य वेळी ती वजने मोकळी केली. त्या तारा उलगडत वजने दूर दूर गेली आणि फिरण्याचा बराचसा साठा त्यांनी आपल्याबरोबर नेला. शेवटी तारा सुटून गेल्या आणि उपग्रह मिनिटाला सुमारे बारा फेऱ्या घेत संथपणे फिरू लागला. पुढे त्याची गती मंदावली, तर ती वाढविण्यासाठी काठावर लहान लहान अग्निबाणही बसविलेले होते.

टायरॉसचे कॅमेरे डब्याच्या तळाशी होते आणि ते अक्षाच्याच दिशेने पाहात होते. येथे दुसरी अडचण होती. ती समजण्यासाठी एक प्रयोग करा. हातात एक काठी घ्या आणि तिचे टोक सतत उत्तरेकडे धरून अंगणातील तुळशीवृंदावनाला प्रदक्षिणा घाला. तुम्ही वृंदावनाच्या दक्षिणेला असाल, तेव्हा काठीचे टोक वृंदावनाकडे असेल. पण तुम्ही उत्तरेला पोहोचलात, की तेच टोक वृंदावनाकडे पाठ करून बाहेर पाहू लागेल. वृंदावनाच्या जागी पृथ्वी आणि काठीच्या जागी उपग्रहाचा अक्ष आहे, असे माना. म्हणजे प्रत्येक प्रदक्षिणेत टायरॉसला पृथ्वी काही वेळच दिसत असे; उरलेला वेळ त्याच्यासमोर रिते आकाश असे. तरीही ७८ दिवसांत त्याने सुमारे २३,००० छायाचित्रे पाठविली आणि वादळांचे ढग वरून कसे दिसतात, हे मनुष्याला दाखविले.

पण या काळात शास्त्रज्ञांच्या ध्यानात एक गोष्ट आली. टायरॉसचा अक्ष ताऱ्यांमध्ये अगदी अचल राहात नव्हता. तो हळूहळू सरकत होता. शोध घेतल्यावर कारण सापडले. पृथ्वी हे एक मोठे लोहचुंबक आहे, हे तुम्ही होकायंत्राच्या पाठात शिकला असाल. उपग्रहात विद्युत्प्रवाह खेळत असतात. त्यामुळे तोही एक दुबळे लोहचुंबक बनला होता. होकायंत्राच्या सुईप्रमाणे पृथ्वी त्याला वळवू पाहात होती. पण तो फिरता भोवरा असल्यामुळे सुईसारखा सरळ वळत नव्हता. तो आडवा सरकत होता.

हे आडवे उत्तर भोवरा का देतो? सायकलचे सुटे चाक मिळाले, तर आसाची दोन्ही टोके दोन हातांनी घट्ट धरा आणि मित्राला ते जोराने फिरविण्यास सांगा. आता चाक एका बाजूस कलते करून पाहा. ते तुमचे ऐकणार नाही. कलण्याऐवजी ते डावीकडे वा उजवीकडे वळू पाहील. असे समजा, की फिरत्या चाकाच्या काठावरील एका कणाला आपण बाजूने धक्का दिला. तो कण धक्क्याच्या दिशेने सरकू लागतो खरा. पण चाक त्याला तेथे थांबू देत नाही. ते त्याला पुढे वाहून नेते. त्या कणाचे सरकणे पुरते दिसून येते, ते पाव फेरी पुढे गेल्यावर. म्हणून धक्का एका ठिकाणी आणि परिणाम पाव फेरी पुढे, असा हा प्रकार घडतो. पृथ्वीही या नियमातून सुटलेली नाही. सूर्य आणि चंद्र तिच्या विषुववृत्ताजवळच्या फुगवट्याला ओढतात आणि म्हणून तिचा अक्ष सुमारे २६,००० वर्षांत आकाशात एक वळसा घेतो. आज ध्रुवताऱ्याकडे असलेला तिचा रोख आणखी काही हजार वर्षांनी दुसऱ्या ताऱ्याकडे असेल.

कारण कळले, की खोडी काढणाऱ्या शक्तीलाच कामाला लावता येते. २३ नोव्हेंबर १९६० रोजी सोडलेल्या टायरॉस-२ या उपग्रहाच्या घेराभोवती तारेचे एक वेटोळे बसविलेले होते. जमिनीवरून बिनतारी आज्ञा दिली, की त्या वेटोळ्यातून हवा तेवढा विद्युत्प्रवाह वाहू लागे आणि वेटोळ्याचे लोहचुंबक बने. मग पृथ्वीचे चुंबकत्व त्याला हळूच रेटी आणि उपग्रहाचा अक्ष संथपणे इष्ट दिशेला सरके. ना इंधन, ना झोत. केवळ तारेचे वेटोळे आणि सूर्यप्रकाशापासून मिळालेली वीज!

पण हे रेटणे फार मंद असते आणि पृथ्वीपासून दूर गेल्यावर तिचे चुंबकत्वही क्षीण होत जाते. सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर उपग्रहाची एक प्रदक्षिणा पृथ्वीच्या एका फेरीइतक्याच वेळात पुरी होते. खंडाखंडांमध्ये संदेश पोहोचविण्यासाठी ही जागा फार सोयीची आहे. तेथे पाठवावयाच्या सिन्कॉम उपग्रहांसाठी हॅरॉल्ड रोझेन आणि त्यांचे सहकारी डोनाल्ड विल्यम्स या अमेरिकन अभियंत्यांना निराळी युक्ती योजावी लागली.

सिन्कॉमच्या काठाजवळ अक्षाच्या दिशेने वायूचा झोत सोडणारी एक बारीक नळी होती. झोत एका बाजूला सुटला, की उपग्रहाला उलट बाजूला धक्का बसतो. परंतु झोत सतत सोडला, तर नळी उपग्रहाबरोबर फिरत असल्यामुळे आत्ता दिलेला कल अर्ध्या फेरीनंतर उलट दिशेच्या कलाने पुसला जातो. अक्ष होता तेथेच राहतो आणि वायू मात्र वाया जातो. मग करावे काय? झोपाळ्याला झोका देणारा मनुष्य काय करतो, ते पाहा. तो झोपाळ्याला सारखा ढकलत बसत नाही. झोपाळा हाताशी आला, की नेमक्या क्षणी तो हलकासा रेटा देतो. सिन्कॉमनेही हेच केले. नळी एका ठराविक दिशेला आली, की क्षणभर झोत सोडावयाचा आणि लगेच बंद करावयाचा. पुढच्या फेरीत पुन्हा तसेच. इष्ट परिणाम पाव फेरी पुढे दिसणार, हे ध्यानात घेऊन झोत तेवढा आधी सोडावयाचा.

हा नेमका क्षण ओळखावयाचा कसा? सिन्कॉम मिनिटाला सुमारे दीडशे फेऱ्या घेत असे. म्हणजे त्याची एक फेरी अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळात पुरी होई. यासाठी त्याच्या अंगावर सूर्याला पाहणारी एक बारीक फट ठेवलेली होती. प्रत्येक फेरीत फटीसमोर सूर्य आला, की एक खूण मिळे. तबलजी जशी सम धरून बाकीच्या मात्रा मोजतो, तशी सूर्याच्या या खुणेपासून वेळ मोजून झोत सोडण्याचा क्षण ठरविता येई.

२६ जुलै १९६३ रोजी सिन्कॉम-२ आकाशात गेला. आपल्या उंच कक्षेत पोहोचल्यावर त्याचा अक्ष अशा छोट्या छोट्या झोतांनी वळवून योग्य दिशेला आणण्यात आला. तसे झाले नसते, तर त्याचे संदेश पृथ्वीला चुकवून अवकाशात विरून गेले असते. पुढच्या वर्षी सिन्कॉम-३ गेला आणि ऑक्टोबर १९६४ मध्ये टोकियो येथे भरलेल्या ऑलिंपिक सामन्यांची चित्रे त्याच्यामार्फत महासागरापलीकडे अमेरिकेत दिसली. एका फिरत्या डब्याने योग्य दिशेला तोंड केले होते, म्हणूनच हे घडू शकले.

आता टायरॉसच्या त्या प्रदक्षिणेकडे पुन्हा एकदा वळू. पृथ्वी सतत दिसावी यासाठी काही करता येईल का? या वेळी काठीऐवजी उघडी छत्री सरळ उभी धरा आणि ती दांड्याभोवती फिरवीत वृंदावनाला प्रदक्षिणा घाला. छत्रीच्या काठावर एक खूण केली असेल, तर ती खूण प्रत्येक फेरीत एकदा वृंदावनासमोर येईल, मग तुम्ही कोणत्याही बाजूला असा. २२ जानेवारी १९६५ रोजी सोडलेल्या टायरॉस-९ चा अक्ष असाच वळवून ठेवला होता. तो आपल्या मार्गावरून गाडीच्या चाकासारखा लोळत निघाला. त्याचे कॅमेरे तळाशी नव्हते, तर काठावर होते. प्रत्येक फेरीत कॅमेरा पृथ्वीसमोर आला, की चित्र घेतले जाई. अडचण तीच, भोवराही तोच. फक्त अक्षाची दिशा आणि डोळ्याची जागा बदलली.

आपल्या देशाचा पहिला उपग्रह आर्यभट हाही असाच एक भोवरा होता. उडुपी रामचंद्र राव यांच्या नेतृत्वाखाली तो बंगळूरजवळील पीण्या येथे तयार झाला आणि १९ एप्रिल १९७५ रोजी सोव्हिएत संघातून अवकाशात गेला. तो ३६० किलोग्रॅम वजनाचा आणि सव्वीस पैलूंचा होता. दाबून भरलेल्या वायूच्या झोतांनी त्याला फिरते ठेवण्याची योजना होती. फिरण्याचा त्याला आणखी एक लाभ होता. निखाऱ्यावर मक्याचे कणीस फिरवीत राहिले, म्हणजे ते एका बाजूने करपत नाही. तसेच फिरत्या उपग्रहाची एकच बाजू उन्हात तापून दुसरी गारठून जात नाही. पुढे ७ जून १९७९ रोजी पाठविलेल्या भास्कर-१ या उपग्रहाने, चाकासारखे लोळत आणि काठावरील कॅमेऱ्यांनी भूमीकडे पाहात, हीच वाट धरली.

नंतरच्या काळात पुष्कळसे मोठे उपग्रह स्वतः फिरेनासे झाले. तरी त्यांच्या पोटात लहान चाके वेगाने फिरत असतात. चाकाची गती एका बाजूस वाढविली, की उपग्रह सावकाश दुसऱ्या बाजूस वळतो. म्हणजे भोवरा नाहीसा झाला नाही. तो केवळ घरात शिरला. आणि सारे यानच फिरते ठेवण्याची जुनी रीतही संपली नाही. २०१६ मध्ये गुरूभोवतीच्या कक्षेत पोहोचलेल्या जूनो या यानाला मिनिटाला सुमारे दोन फेऱ्या देऊनच स्थिर ठेवले होते.

या साऱ्या हकीकतीत एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. फिरण्याने स्थैर्य येते, हे शास्त्रज्ञांना आधीपासून ठाऊक होते. पण तेवढ्या ज्ञानाने भागले नाही. एक्स्प्लोररच्या वाकणाऱ्या तारांनी आणि टायरॉसच्या सरकणाऱ्या अक्षाने त्यांना पुढचे धडे दिले. त्यांनी त्या चुका झाकल्या नाहीत. त्यांचे कारण शोधले आणि त्या कारणालाच आपल्या कामी लावले.

पुढच्या वेळी भोवरा फिरवाल, तेव्हा त्याच्याकडे थोडे लक्षपूर्वक पाहा. त्याला हळूच टोचा आणि तो कोणत्या बाजूला मान वळवितो, ते नीट ध्यानात घ्या. आकाशातील भोवऱ्यांना वळविणाऱ्यांनीही हाच प्रश्न पुनःपुन्हा विचारला होता.